झांबेझीकाठच्या रानरेड्यांचे छायाचित्रण : जीप, पायवाट की होडी?

कृष्णाकाठ :

सर्व जाणकारांना नमस्कार.

येत्या सप्टेंबरमध्ये मी आणि माझे यजमान झिंबाब्वेतील माना पूल्स राष्ट्रीय उद्यानात सहा रात्री मुक्कामाला जाणार आहोत. झांबेझी नदीच्या दक्षिण काठावरील या रानात लोक बहुधा हत्ती, सिंह आणि रानकुत्री पाहायला जातात. मला मात्र मुख्यतः केप बफेलो, म्हणजे आफ्रिकेतील रानरेडे आणि रानम्हशी यांची छायाचित्रे काढायची आहेत.

गेली नऊ वर्षे मी दाजीपूरच्या जंगलात गव्यांची छायाचित्रे काढत आले आहे. तेथे गवा दिसतो तो झाडीच्या आडून, धुक्यात किंवा सांजावताना, आणि दिसल्यावर मिनिटभरात रानात शिरतो. काळ्या जनावरांचा मोठा कळप उघड्यावर, भरपूर उजेडात पाहण्याचा योग मला एकदाच आला, तो दोन वर्षांपूर्वी केनियात, आणि त्या वेळची जवळजवळ सगळी छायाचित्रे मला टाकून द्यावी लागली. काही चित्रांत रेडा म्हणजे डोळे, नाकपुड्या, कातडी यांपैकी काहीच न दिसणारा काळा ठोकळा झाला होता, तर काहींत त्याचा रंग धुवट राखाडी होऊन मागचे गवत पांढरेफटक पडले होते. त्या सहलीचे मला अजून वाईट वाटते, कारण जनावरे समोर तासभर उभी होती आणि उणीव केवळ माझ्या हातात होती.

माना पूल्समध्ये जीपमधून, पायी आणि कनूमधून, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीतून, अशा तिन्ही प्रकारे फिरता येते, असे कळले आहे. रानरेड्यांसाठी यांपैकी कशाला अधिक वेळ द्यावा? काळ्या अंगाचे एक्स्पोजर, म्हणजे चित्रात येणाऱ्या उजेडाचे प्रमाण, कसे साधावे? माझ्याकडे १००-४०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. त्यापेक्षा मोठी लेन्स भाड्याने घेणे आवश्यक आहे का? पायी फिरण्याबद्दल यजमानांना रास्त काळजी वाटते, त्यामुळे त्या बाबतीत ज्यांनी प्रत्यक्ष अनुभव घेतला आहे त्यांनी लिहिल्यास आम्हा दोघांनाही आधार वाटेल.

लुसाकावासी :

नमस्कार ताई. नोकरीनिमित्त मी अकरा वर्षे झांबियात होतो आणि त्या काळात माना पूल्सच्या समोरच्या काठावर, म्हणजे लोअर झांबेझी राष्ट्रीय उद्यानात, बहुतेक दरवर्षी जात असे. माना पूल्समध्ये तीन वेळा राहिलो. नदी एकच आहे आणि रेडेही त्याच स्वभावाचे आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपण निवडलेला महिना उत्तम आहे. शोना भाषेत ‘माना’ म्हणजे चार. नदीने पूर्वी आपले पात्र बदलले तेव्हा मागे राहिलेले चार मोठे डोह तेथे आहेत, त्यावरून हे नाव पडले. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. त्यानंतर आतल्या रानातील पाणवठे एकेक करून आटत जातात आणि सप्टेंबरपर्यंत जनावरांना नदी आणि हे डोह यांच्याखेरीज फारसे पाणी उरत नाही. केप बफेलोला रोज पाणी लागते, त्यामुळे आतल्या दाट काटेरी झुडपांत, ज्याला तिकडे ‘जेसी’ म्हणतात, दिवस काढणारा कळपसुद्धा पाण्यासाठी बाहेर येतोच. ऑक्टोबरमध्ये कळप आणखी नजरेत येतात, पण त्या महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपार अक्षरशः सोसवत नाही.

आता उजेडाविषयी, कारण तेथील उजेड हाच मला त्या जागेचा सर्वांत मोठा गुण वाटतो. नदीकाठच्या सपाटीवर अल्बिडाची उंच झाडे एकमेकांपासून अंतर राखून उभी आहेत. आपल्या बाभळीच्या नात्यातले हे झाड ऋतुचक्र मात्र उलटे पाळते. पावसात ते पाने गाळते आणि सगळे रान वाळलेले असते तेव्हा हिरवेगार असते. सालपटासारख्या पिळवटलेल्या त्याच्या शेंगा कोरड्या दिवसांत खाली पडतात, आणि त्या वेचण्यासाठी हत्तींपासून वानरांपर्यंत सगळे त्या झाडांखाली येतात. झाडांखाली झुडपे फारशी नसल्याने नजर लांबवर जाते, आणि सकाळ-संध्याकाळ हवेतल्या धुळीमुळे त्या कमानींमधला उजेड निळसर दिसतो. अशा निळसर उजेडात काळा रेडा जितका उठून दिसतो तितका तो पिवळ्या गवतात कधीच दिसत नाही. केनियातील आपल्या चित्रांचा निम्मा दोष मी उघड्या माळावरच्या भर दुपारच्या उन्हाला देईन.

दिशेचाही विचार आधीच करून ठेवावा. तेथे नदी ढोबळमानाने पूर्वेकडे वाहते, म्हणजे सप्टेंबरमध्ये सूर्य साधारण सहाच्या सुमारास नदीच्या वरच्या अंगाला मावळतो. कळप पाण्यावर असताना आपण खालच्या अंगाला असलात, तर ऊन समोरून येईल, उडालेली धूळ सोन्यासारखी पेटेल आणि शिंगांच्या कडा उजळतील. वरच्या अंगाला असलात, तर ऊन पाठीमागून येईल आणि चेहऱ्यावरची सुरकुती न सुरकुती दिसेल. नदीपलीकडे झांबियाच्या बाजूचे डोंगर उत्तरेला आहेत. दुपारनंतर ते निळे दिसू लागतात आणि पार्श्वभूमी म्हणून फार शोभतात.

होडीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सहापैकी निदान दोन सकाळी कनूला द्याव्यात. कळपातून बाहेर पडलेले म्हातारे रेडे नदीतील बेटांवर आणि लव्हाळ्यांत चरत राहतात, आणि एका बेटावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी पाण्यातून सहज पोहतही जातात. चिखलाला तिकडे ‘डगा’ म्हणतात, म्हणून सदा चिखलाने माखलेल्या या म्हाताऱ्यांना ‘डगा बॉइज’ असे नाव पडले आहे. होडीत बसल्यावर कॅमेरा पाण्यापासून हातभर उंचीवर असतो, त्यामुळे रेड्याचे डोके आपल्यापेक्षा वर येते आणि त्याच्यामागे आभाळ किंवा डोंगर मिळतात. जीपच्या उंच बैठकीवरून काढलेल्या चित्रात तोच रेडा जमिनीत चेपल्यासारखा दिसतो.

एक प्रसंग सांगतो. बेट आणि काठ यांच्यामधल्या अरुंद प्रवाहातून आम्ही जात होतो. वळणावर तीन रेडे लव्हाळ्यांत पोटापर्यंत पाण्यात उभे होते. गाइडने काही न बोलता वल्हे वाळूत रोवले आणि होडी थांबवली. सर्वांत जवळच्या रेड्याने मान वर केली. त्याच्या तोंडातून ओल्या लव्हाळ्याची एक काडी लोंबत होती आणि हनुवटीच्या केसांवरून पाण्याचे थेंब एकेक करून पडत होते. एक ऑक्सपेकर पक्षी त्याच्या मानेवरून तुरुतुरु चालत गेला आणि कानात डोके घालून गोचीड शोधू लागला, तरी रेड्याची नजर आमच्यावरून हलली नाही. तीन-चार मिनिटे असेच गेले आणि मग त्याने पुन्हा चघळायला सुरुवात केली. पहिल्या मिनिटातली माझी चाळीस चित्रे ताणलेली आणि एकसारखी आली. त्याने चघळायला सुरुवात केल्यानंतरची चार चित्रे आजही माझ्या भिंतीवर आहेत.

नदीतली खरी काळजी रेड्यांची नसून पाणघोड्यांची असते. पाणघोडा घाबरला की खोल पाण्याकडे धावतो, म्हणून होडी उथळ बाजूने न्यावी लागते आणि गाइड मधूनमधून वल्ह्याने होडीवर टकटक करून आपण येत असल्याची सूचना देतात. हात किंवा पाय पाण्यात सोडू नयेत, कारण मगरी भरपूर आहेत. परवानाधारक गाइडशिवाय होडीत बसण्याचा विचारही करू नये.

मृगशीर्ष :

एक्स्पोजरच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण हीच अडचण मी बरीच वर्षे भोगली आहे.

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे सगळे मध्यम करड्या छटेचे आहे, असे धरून चालतो. रेड्याने चौकट भरली असेल, तर त्याला वाटते की अंधार फार आहे. तो उजेड वाढवतो आणि रेडा धुवट होतो. रेडा लहान आणि भोवती उन्हातले वाळके गवत असेल, तर त्याला वाटते की उजेड फार आहे. तो उजेड कमी करतो आणि रेड्याचा ठोकळा होतो. आपल्याला दोन्ही दोष एकाच सहलीत मिळाले ते यामुळे. मी म्हणून मॅन्युअल, म्हणजे सगळे स्वतःच्या हाताने ठरवण्याची पद्धत, वापरतो. रेडा ज्या उन्हात आहे त्याच उन्हातले अल्बिडाचे करडे खोड किंवा सुकलेला चिखल पाहून शटर (उजेड आत घेण्याचा वेळ), अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ठरवतो, आणि ऊन बदलत नाही तोवर त्यांना हात लावत नाही. मग रेडा जवळ आला, लांब गेला किंवा झाडासमोर उभा राहिला, तरी त्याचा काळेपणा सगळ्या चित्रांत सारखा राहतो.

यात एक पेच आहे, आणि तो म्हणजे गायबगळा. रेड्याच्या पाठीवर किंवा पायांशी बगळा असेल, तर चौकटीतली सर्वांत काळी आणि सर्वांत पांढरी वस्तू शेजारी शेजारी येते. अशा वेळी मी बगळ्याची पिसे सांभाळतो. जळालेला पांढरा रंग परत आणता येत नाही, परंतु रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ नोंदीत, काळ्या भागातला तपशील बराचसा वर काढता येतो. तो काढताना खरखर दिसू नये यासाठी, उजेड पुरेसा असताना आयएसओ विनाकारण वाढवू नये. चिखलाकडेही लक्ष द्यावे. नुकताच लोळून उठलेला रेडा ओला, काळा आणि चकाकणारा असतो. तासाभराने चिखल सुकला की तोच रेडा फिकट करडा दिसतो, आणि सुकलेल्या चिखलाच्या भेगा तिरप्या उन्हात फार देखण्या येतात.

डोळे हा याहून कठीण भाग आहे. रेड्याचे डोळे शिंगांच्या जाड कपाळपट्टीखाली खोल असतात, त्यामुळे सूर्य वर आला की ते सावलीत बुडतात आणि चेहरा निर्जीव वाटतो. नदीकाठी मात्र फिकट वाळू आणि पाणी यांच्यावरून उजेड खालून वर परततो आणि नेमका त्या खोबणीत शिरतो. डोळ्यात पाण्याचे पांढरे प्रतिबिंब आले की काळा चेहरा लगेच जिवंत होतो. आपण काठाची निवड केलीत हे त्या दृष्टीने अगदी योग्य झाले.

लेन्सबद्दल म्हणाल तर १००-४०० पुरेशी आहे. सकाळी नऊ-दहानंतर जमिनीवरून गरम हवा उठू लागते, आणि मग लांबच्या जनावराचे चित्र कितीही मोठ्या लेन्सने काढले तरी थरथरलेलेच येते. होडीत ६०० मिलिमीटरची जड लेन्स सांभाळणे हा त्रासच आहे. होडी आणि रेडा दोघेही हलत असल्याने शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवावा. भाड्याचे पैसे वाचवून दुसरी कॅमेरा बॉडी जवळ ठेवता आली, तर अधिक बरे, कारण त्या धुळीत लेन्स बदलणे म्हणजे सेन्सरवर माती पसरणे आहे. छोट्या विमानाने जाणार असाल, तर सामानाची मर्यादा बहुधा १५ किलोच्या आसपास असते आणि बॅगा मऊ लागतात. आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

सराव मात्र येथेच करता येईल. आपल्या नावावरून आपण कृष्णेच्या काठी राहत असाव्यात. पाण्यात डुंबणाऱ्या घरच्या म्हशी, त्यांच्या पाठीवरचे गायबगळे आणि नदीचा परतलेला उजेड ही सगळी सामग्री तेथे आहे.

गुरांचा डॉक्टर :

मी निवृत्त पशुवैद्यक आहे आणि बोत्स्वानात काही वर्षे काम केले आहे. यजमानांच्या काळजीला धरून दोन शब्द लिहितो.

प्रथम एक गैरसमज दूर करावासा वाटतो. हा प्राणी आपल्या म्हशीचा रानटी भाऊ नव्हे. आपली म्हैस आणि गडचिरोलीच्या कोलामार्का भागात उरलेली रानम्हैस एका कुळातली आहेत. केप बफेलो हे वेगळे कूळ आहे आणि ते कधीही माणसाळवले गेले नाही. त्यामुळे गोठ्यातल्या म्हशीच्या अनुभवावरून त्याच्या मनाचा अंदाज बांधू नये. नर सातशे-आठशे किलोंपर्यंत भरतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या दोन्ही शिंगांची बुडे कपाळावर एकत्र येऊन दगडासारखी टणक ढाल तयार होते. मादीची शिंगे बारीक असतात आणि ही ढाल तिला नसते. कोवळ्या नराच्या कपाळावर मधोमध अजून केस दिसतात. छायाचित्राखाली नर, मादी, वय लिहिताना हे उपयोगी पडेल.

कळप आणि एकटे म्हातारे रेडे यांच्याशी वागण्यात फरक ठेवावा लागतो. कळपाला धोका वाटला, तर तो आधी एकत्र येऊन, नाक वर करून, सगळे चेहरे आपल्याकडे वळवून पाहतो आणि बहुधा वळून पळतो. एकट्या रेड्याला कळपाचा आधार नसतो. तो झुडपात आडवा पडलेला असतो, आपण नकळत त्याच्या अगदी जवळ जातो, आणि मग पळण्यापेक्षा चाल करून जाणे त्याला सोपे वाटते. पायी फिरताना होणारे अपघात बहुतेक असे दाट झाडीत अचानक गाठ पडल्याने होतात. म्हणून चालायचे ते अल्बिडाच्या मोकळ्या रानात, सशस्त्र परवानाधारक गाइडच्या मागे. जेसीच्या झुडपांत छायाचित्रासाठी पाऊल टाकू नये. झिंबाब्वेतील व्यावसायिक गाइडची परीक्षा आफ्रिकेत अत्यंत कठीण म्हणून ओळखली जाते. त्या माणसाने थांबा म्हटले की बोट बटणावर असले तरी थांबावे.

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट. हर्बर्ट प्रिन्स या डच संशोधकाने टांझानियातील लेक मन्यारा येथे या कळपांचा दीर्घकाळ अभ्यास केला. विसावलेल्या कळपातल्या प्रौढ माद्या अधूनमधून उठतात, एका दिशेला तोंड करून काही क्षण पाहतात आणि पुन्हा बसतात. पुढे संध्याकाळी कळप साधारण त्याच दिशेने निघतो, असे त्यांना आढळले. बसलेला कळप कंटाळवाणा मानून जीप पुढे नेऊ नका. उठणाऱ्या माद्यांचे तोंड कोणीकडे आहे ते टिपून ठेवलेत, तर कळप निघण्यापूर्वी योग्य जागी पोचता येईल.

थोडे विषयाला सोडून, पण सांगितल्यावाचून राहवत नाही. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बुळकांडी हा गुरांचा जीवघेणा साथीचा रोग ईशान्य आफ्रिकेत उतरला. इटालियन सैन्यासाठी भारतातून नेलेल्या गुरांबरोबर तो पोचला, असे सामान्यतः मानले जाते. १८९६ मध्ये त्याने झांबेझी ओलांडली. गुरांबरोबर रानरेड्यांचे कळपच्या कळप त्यात मेले आणि मोठमोठे प्रदेश ओस पडले. आज जे शेकडोंचे कळप आपण पाहतो ते त्यातून वाचलेल्या थोड्या जनावरांचे वंशज आहेत. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा माझ्यासारख्या ज्या लोकांनी तरुणपणी गावोगाव बुळकांडीच्या लसी टोचल्या होत्या, त्यांना झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

कृष्णाकाठ :

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभारी आहे. यजमानांनी सगळे प्रतिसाद दोनदा वाचले आणि मोकळ्या रानात, सशस्त्र गाइडबरोबर चालण्यास त्यांनी होकार दिला आहे. मोठी लेन्स न घेता जुनी बॉडी बरोबर नेण्याचे ठरले आहे. लुसाकावासी दादांना एकच विचारायचे आहे. मोठा कळप पाण्यावर येतो तेव्हा आपण नेमके कोठे असावे?

लुसाकावासी :

ताई, कळप येण्याआधी जाऊन बसावे. कळप आल्यानंतर आपण हललो, तर चित्र बिघडतेच आणि जनावरांचे पाणीही तुटते. कडक उन्हात मैलोगणती चालून आलेल्या रेडकांच्या घशाशी हा प्रश्न असतो, म्हणून मला हे फार महत्त्वाचे वाटते. कळप आणि पाणी यांच्या मध्ये कधीही येऊ नये. त्यांची वाट मोकळी सोडून, बाजूला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, जाड खोडाला किंवा वारुळाला टेकून बसावे. वारा पाहण्यासाठी गाइडजवळ राखेची लहान पुरचुंडी असते. ती झटकली की राख कोणीकडे जाते ते दिसते. नदीकाठी वारा तासाभरात फिरतो, त्यामुळे तो हे पुनःपुन्हा करताना दिसेल, आणि राख कळपाकडे जाऊ लागली की तो तुम्हाला उठवून नेईल.

कळप येताना आधी धूळ दिसते, मग खुरांचा आवाज येतो. पुढची जनावरे काठावर थबकतात, मागची त्यांना रेटतात, आणि मग एकदम शे-दोनशे तोंडे पाण्याला लागतात. तो क्षण सगळेच टिपतात. त्यानंतर पाच मिनिटे थांबावे, असे मी सुचवेन. पाणी पिऊन झालेल्या माद्या मान वर करतात, तोंडातून पाण्याच्या धारा गळत असतात, रेडकू आईच्या पोटाखालून डोके काढते, आणि कोणाचीच नजर तुमच्यावर नसते.

कपड्यांचेही सांगून ठेवतो. निळे आणि काळे कपडे नेऊ नयेत. त्सेत्से माशी नेमकी त्या रंगांकडे येते. तिला पकडण्याचे सापळेसुद्धा निळ्या-काळ्या कापडाचे असतात. मातकट किंवा फिक्या खाकी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घ्यावेत, आणि हिवतापाच्या गोळ्यांविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे.

कृष्णाकाठ :

मृगशीर्ष यांच्या सांगण्यावरून काल सकाळी घाटाखाली गेले होते. शेजाऱ्यांच्या चार म्हशी गळ्यापर्यंत पाण्यात होत्या आणि एका म्हशीच्या पाठीवर बगळा होता. काठावरच्या सुकलेल्या गाळावर मोजमाप करून तेवढेच एक्स्पोजर ठेवले, तेव्हा म्हशीच्या नाकावरचे थेंब आणि डोळ्यातले पाण्याचे प्रतिबिंब प्रथमच स्वच्छ आले, मात्र बगळ्याच्या पाठीवरची पिसे जळाली. मग आणखी दोन-तृतीयांश स्टॉप (उजेड मोजण्याचे एकक) कमी केले. पिसे सुटी दिसू लागली आणि रॉ फाइलमध्ये म्हशीच्या मानेवरच्या वळ्याही वर काढता आल्या. साडेनऊनंतर डोळ्यांवर सावली आली, म्हणून परतले. उद्या हेच होडीतून करून पाहणार आहे. आमच्या येथील नावाड्याने सकाळी सहाला येण्याचे कबूल केले आहे.